उगवलेली भिंत

पर्वत पाटिया, सुरत
११ ऑगस्ट २०२४

आक्का,

कागदावरूनच पाया पडतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी मोबाईलवर जे लांबलचक लिहून पाठवतो ते सुकदेव तुला 'मामा बरे आहेत' एवढ्यावर उरकून वाचून दाखवतो. तुझ्या लेकाची ही काटछाट मला मान्य नाही. म्हणून कागद. लक्झरीचा ड्रायव्हर किसन आपल्या गावावरूनच जातो, त्याच्या हातानं पाठवतोय. उत्तरही त्याच्याच हातानं दे.

धनश्रीचं पाळणाघर तू पाहिलेलं नाहीस. साड्यांना लेस आणि टिकल्या लावायला ज्या बाया जातात, त्यांची पोरं माझी ही सून दिवसभर सांभाळते. जागा ठाकोरभाईंची. त्यांच्याच कारखान्यात माग चालवता चालवता माझे केस पिकले. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा. मे महिन्यात भर दुपारी त्यातल्याच एकीचं, रंजनाचं, पोरगं तिथे बेशुद्ध पडलं. वाचलं, पण तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

त्याच आठवड्यात एका लग्नाला ओलपाडकडे गेलो होतो. उन्हाळी भात निघालेलं. शेतकरी पेंढा पेटवून देत होते. आक्का, तो धूर पाहून माझ्या डोक्यात वीज चमकली. शेतकरी काडी जाळतो आणि मजुराचं पोर पत्र्याखाली भाजतं. आगी दोन दिसतात, पण मूर्खपणा एकच आहे. जी काडी जाळायची, तीच मातीत घालून भिंत उभी केली तर दोन्ही आगी विझतात! मग वाचनालयात बसून मिळेल ते वाचून काढलं. जगभर लोक पुन्हा हे करू लागलेत. आणि आपण तर त्यातच जन्मलो. आबांनी बांधलेलं आपलं घर, भिंती हातभर जाड, वर मातीचं धाबं. चैत्रातही आत घोंगडी लागायची.

ठाकोरभाईंना तिथे सुताच्या बीमचं गोडाऊन करायचंय. मी भांडलो. शेवटी ते म्हणाले, "वाल्मिकभाई, बेसतं वरस सुधी." म्हणजे दिवाळीनंतरच्या पाडव्यापर्यंत. पश्चिमेचा पत्रा काढून मातीची भिंत उभी करायची. उभी राहिली, थंड राहिली, तर जागा पोरांची. नाहीतर गोडाऊन. छत लोखंडी खांबांवर आहे, खाली सिमेंटचं जोतं आहे. फक्त भिंत हवी.

आबा गारा कसा करायचे ते सविस्तर लिही. आणि एक. सुकदेवच्या डोक्यात स्लॅबचं घर घोळतंय असं कानावर आलं. त्याला सांग, त्या भिंतींना हात लावू नकोस. अगं, आपली माती साधी नाही. तापी तुझ्या दारातून निघते आणि माझ्या दारात येते. मी इथे तुझ्याच गावाची माती कालवणार आहे!

तुझा
वाल्मिक

*

पिंपळोद
१९ ऑगस्ट, राखीपुनव

वाल्मिकला आशीर्वाद. पाकिटात राखी आहे, धनश्रीकडून बांधून घे.

तुझं पत्र वाचताना समोर माईक ठेवलाय असं वाटत होतं. मधे मधे पाण्याचा पेला घेत असशील. बोलते मी अहिराणी, लिहायला शाळेतलं लिहिते, त्यामुळे तुझ्यासारखं जमणार नाही.

आधी तापीचं. मन्हा भाऊ, तू एवढा वाचतोस, मधे उकाईचं धरण आहे हे विसरलास? आमची माती तिथेच तळाला बसते. तुझ्याकडे येते ती गाळून आलेली तापी. तेव्हा तू तुझीच माती कालव, आमच्या गावाला त्यात ओढू नकोस.

आता गारा. माती चाळून घ्यायची, ढेकूळ ठेवायचं नाही. आळं करून पाणी सोडायचं. माती फुगली की गव्हाचा भुसा घालायचा आणि तुडवायचा. आबा म्हणायचे, टाचेला काडी टोचेनाशी झाली की गारा झाला. ते काही आठवडे मुरवत, रोज तुडवत. घाई असेल तर आज कालवलेला उद्या लावला तरी चालतो, आम्ही ओटे तसेच केलेत. एका दिवसात हातभरच उंच चढ, खालचं सुकू दे, मग वरचा थर.

रंजनाचं पोर कसं आहे ते लिही. तेवढंच तू लिहिलं नाहीस.

सुकदेवचं काय ते मी बघते. तू काळजी करू नकोस.

आक्का

*

सुरत
१५ सप्टेंबर २०२४

आक्का,

रंजनाचं पोर ठणठणीत आहे. इतकं की काल गाऱ्यात लोळलं आणि आईचा मार खाल्ला.

भिंतीला सुरुवात झाली! पाऊस अजून रेंगाळतोय, पण छत डोक्यावर आहे, आणि पश्चिमेला ताडपत्री बांधलीय. माती एका इमारतीच्या पायाच्या खोदकामातली, काळी होती म्हणून तिच्यात नदीची वाळू घातली. पेंढा ओलपाडच्या शेतकऱ्यानं हौसेनं दिला, जाळायचा त्रास वाचला म्हणून वर चहा पाजला. इथे भुसा कुठला? हा भाताचा देश. पेंढा कोयत्यानं बोटभर तोडून घातला. तू म्हणालीस तसं आज कालवून उद्या लावतो. मुरवत बसायला वेळ नाही.

सुट्टीच्या दिवशी मागावरची पोरं तुडवायला येतात. पहिल्या दिवशी त्यातला लखन पँट वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, सुरतेला आलो ते चिखल सुटावा म्हणून. तुम्ही चिखल इथेच आणला." मी त्याला सांगितलं, बाबा रे, चिखल सुटावा म्हणून आलास आणि पत्र्याच्या भट्टीत पडलास. याला सुटका म्हणतात का? माती मागासलेली नाही. मागासलेली आहे ती समजूत, की गरिबानं श्रीमंताची नक्कल केली की तो गरीब राहत नाही. सिमेंटची भिंत पडली की तिचं राबिट होतं, टाकायला जागा शोधावी लागते. मातीची पडली तर भिजवा, तुडवा, पुन्हा उभी करा. माणसाला दुसरी संधी देणारी हीच एक भिंत! पोरांनी टाळ्या वाजवल्या. लखन म्हणाला, "भाषण संपलं असेल तर पाणी टाका."

ठाकोरभाई गाडीतून न उतरताच बघून गेले. "आ माटी चोमासामां नहीं टके," म्हणाले. म्हणजे पावसाळ्यात टिकणार नाही. बघू!

भिंत कमरेच्या वर आली. आपल्या घराबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे सुकदेव ऐकला असं मी धरतो. मला त्या घराचा फार आधार वाटतो गं. इथे कुणी हसलं की मी मनात त्या भिंतीला पाठ टेकतो.

तुझा
वाल्मिक

*

पिंपळोद
२४ सप्टेंबर

वाल्मिक,

भिंत उभी राहील. तुडवणारे पाय आहेत, पेंढा आहे, तोंड तर तुझ्याकडे आहेच. मी दुसरंच विचारते. भिंत उभी राहिल्यावर तिला सारवणार कोण?

तुझ्या दोन्ही पत्रांत आबांचं घर आहे. आबांनी बांधलं, आबांच्या भिंती. बांधलं एकदाच. सारवलं कितीदा? आखाजीला सारवलं, पोळ्याला सारवलं, दिवाळीला सारवलं. कुणी मेलं, सुतक फिटलं, सारवलं. कुणी जन्मलं, सारवलं. पावसाची झड लागली की पश्चिमेची भिंत धुपायची, उघडीप पडली की मी आणि माय पोतेरं घेऊन बसायचो. चैत्रात घोंगडी लागायची असं तू लिहितोस. तू घोंगडीत होतास. मी शेणाच्या पाटीत होते.

मी सासरहून परत आले आणि घर माझ्या वाट्याला आलं, असं सगळे म्हणतात. घर वाट्याला आलं नाही, सारवण वाट्याला आलं. माझ्या बोटांना भेगा पडल्या त्यात मीठ भरलं असतं तर भाजीला पुरलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून हे लपवून ठेवलं असतं, पण तू टाळ्यांचं लिहिलंस आणि मला राग आला.

मी मातीच्या विरुद्ध नाही. गारवा मलाही कळतो. पण माती रोज हात मागते, आणि ते हात दरवेळी बाईचेच का निघतात, याचं उत्तर तुझ्या वाचनालयात आहे का बघ. धनश्री दिवसभर पोरं सांभाळून संध्याकाळी ती भिंत सारवणार असेल, तर तिच्यापेक्षा पत्रा बरा. पत्र्याला निदान सारवावं लागत नाही.

रागानं लिहिलं, पण फाडत नाही.

आक्का

*

सुरत
७ ऑक्टोबर २०२४, पाचवी माळ

आक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर सापडलं नाही. मिळेल तेव्हा लिहीन. आज मात्र वेगळंच सांगायचंय.

भिंत उगवली!

थट्टा नाही. वरचा थर घटस्थापनेच्या आधी चढवला होता. सकाळी धनश्री कुलूप काढायला गेली आणि ओरडतच परत आली. सगळ्या भिंतीवर हिरवे कोंब, बोटाच्या पेराएवढे. पेंढ्यात भाताचे दाणे राहिले असणार. तुझं सांगणं गव्हाच्या देशातलं. भुशात दाणा नसतो, पेंढ्यात असतो, हे ना तुझ्या लक्षात आलं ना माझ्या.

मी कोंब उपटायला निघालो होतो. तेवढ्यात शेजारची उषाबाई आली. शहाद्याकडची, घरात घट बसवलेले. तिनं भिंत पाहिली आणि हात जोडले. "भाऊ, हात लावू नका. घट उगवलाय." म्हटलं, अहो, भाताचे दाणे आहेत. "मग घटात काय मोती असतात?" यावर काय बोलशील? तासाभरात गल्ली जमली. कुणी कुंकू लावलं, कुणी झेंडूची माळ सोडली. ज्या बाया महिनाभर या भिंतीला 'काकांचा चिखल' म्हणत होत्या, त्यांनी आज तिच्यापुढे डोकं टेकलं. लेस लावायला जाताना प्रत्येक बाई हातानं पाणी शिंपडून जाते. दसऱ्याला हे कोंब टोपीत खोचायचे असं ठरलंय.

मी देवधर्मातला नाही, तुला माहीत आहे. पण आक्का, माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या कोंबांनी केलं. भिंत लोकांची झाली. मी कुणाला अडवलं नाही. उलट मीही संध्याकाळी थोडं पाणी शिंपडलं. ठाकोरभाईंची बायको सुद्धा येऊन गेली.

तुझा
वाल्मिक

*

पिंपळोद
९ ऑक्टोबर

वाल्मिक, येडा व्हयना का? पाणी बंद कर. घटाला पाणी घालतात, भिंतीला नाही. घट दसऱ्याला शिळवून उठवतात, भिंत पाडव्यापर्यंत टिकवायचीय. उषाबाईला म्हणावं, देवीला माझ्या नावानं दंडवत घाल आणि तांब्या घरी ठेव. चुकलं माझंही. घाईचा रस्ता मीच दाखवला. मुरवलं असतं तर दाणे खड्ड्यातच उगवून कुजले असते. सुकदेवला फोन लावायला लावला, तू उचलला नाहीस. सभेत असशील.

आक्का

*

सुरत
१३ ऑक्टोबर २०२४

आक्का,

तुझी चिठ्ठी किसननं दिली तेव्हा भिंत बसून झाली होती.

सातव्या माळेला दुपारी मधला भाग फुगला. धनश्रीनं पोरं बाहेर काढली, अंगणात नेऊन गोष्ट सांगत बसली. त्यांच्या देखत भिंत हळूहळू गुडघ्यावर बसली, म्हातारं माणूस बसतं तशी. आवाजसुद्धा झाला नाही. कुणाला लागलं नाही. उषाबाई तिथेच रडत बसली, "मी बुडवलं" म्हणत. मी तिला म्हटलं, बाई, तांब्या माझ्याही हातात होता. दसऱ्याला कुणी टोपीत काही खोचलं नाही.

ठाकोरभाई आले. ओरडले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "वाल्मिकभाई, छोकरांओ उपर पडी होत तो?" पोरांवर पडली असती तर?    मीच हातोडा घेऊन पश्चिमेला पुन्हा पत्रा ठोकला.  धनश्रीनं बायांना दुसरं पाळणाघर बघून ठेवा असं सांगितलं. दुसरं कुठे आहे?

पण अजून पाडवा यायचाय. मी ठाकोरभाईंना म्हटलं, तुम्ही एकच भिंत पाहिली, ती चुकलेली. चला माझ्या गावी. माझ्या बापाच्या हातची भिंत दाखवतो. आत बसा, दुपार काढा, मग बोला. ते हो म्हणाले! दोंडाईच्याला त्यांचं सुताचं काम आहे, पुढच्या रविवारी गाडी काढतायत. आक्का, आता सगळं त्या घरावर आहे. पोरांची जागासुद्धा. तू फक्त ओसरी झाडून ठेव, आणि कळण्याची भाकरी टाक. बाकी भिंत बोलेल.

तुझा
वाल्मिक

*

पिंपळोद
१६ ऑक्टोबर

वाल्मिक,

येऊ नकोस. घर नाही.

होळीनंतर पाडलं. सुकदेवनं एकट्यानं नाही, मी हो म्हटलं म्हणून. तुझं पहिलं पत्र मी स्लॅबच्या घरात बसून वाचलं. तेव्हाच सांगायचं होतं. पण तू 'आबांच्या भिंती' म्हणून इतकं लिहिलंस की हात उचलला नाही. मग 'पाठ टेकतो' लिहिलंस, तेव्हा तर तोंड शिवलं गेलं. तुझी पाठ टेकायची जागा मी तुला न विचारता काढून घेतली. तुझाही जन्म तिथलाच. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू भाषण केलं असतंस, आणि मी पुन्हा पाटी उचलली असती.

खरं सांगू? पहिल्या पावसाळ्यात एकदाही उठून भांडं लावावं लागलं नाही. दिवाळी तोंडावर आली तरी पाटीला हात लावला नाही. बोटांच्या भेगा भरल्या. मला त्याची लाज वाटत नाही, तुलाही वाटू देऊ नकोस. आणि हेही खरं, की दुपारी पंख्याखाली बसवत नाही. स्लॅब तापतो, पंखा गरम वारा फेकतो, मी उठून बाहेर निंबाखाली बाज टाकते. सुकदेव म्हणतो एसी बसवू. मी म्हणते, निंब बरा.

भिंती पाडल्या ती माती अंगणाच्या कोपऱ्यात ढीग घालून ठेवलीय. सुकदेव ट्रॅक्टरनं शेतात टाकणार होता, मी टाकू दिली नाही. का, ते मला माहीत नव्हतं. आता आहे. त्या मातीत आबांचा भुसा मुरलाय, मायचं शेण मुरलंय, माझंही. तिच्यात उगवायचं काही शिल्लक नाही. तुझ्या पडलेल्या भिंतीची माती आणि ही माती एकत्र भिजवली तर चढेल. नवा पेंढा नको. तुझा जुना आहे तो एव्हाना उगवून मेला असेल.

मिरचीचा टेम्पो शुक्रवारी सुरतेच्या मार्केटला निघतोय. पोती त्यात टाकतेय. मीही पुढे बसून येते. कान बहिरे आहेत, त्यामुळे तुझ्या भाषणाची भीती नाही.

ठाकोरभाईंना सांग, घर पाहायला येऊ नका, घर तुमच्याकडे येतंय.

माझी एक अट. तुडवायला पुरुष असतातच, त्यात त्यांना मजा वाटते. सारवायलाही पुरुषच हवेत. दरवर्षी. हो म्हणत असतील तर पोती उतरवू. नाहीतर टेम्पोतूनच परत नेईन.

आक्का

*

सुरत
४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

तू दिवाळीला घरी परतलीस आणि गल्ली ओस पडली. रंजनाचं पोरगं विचारतं, "शिंकवाली आजी कुठे गेली?" तुझी पोती मिरचीची होती हे कुणीच ध्यानात घेतलं नव्हतं. अजून लखन गारा म्हटला की शिंकतो.

तू असताना जे अर्धं राहिलं त्याचं सांगतो. भिंत तू पाहिलीस, पण सुकलेली नाही. तू निघालीस तेव्हा पुरुषांनी अट मानलेलीही नव्हती. पोती उतरवताना सगळे हो हो म्हणाले, आणि भिंत चढल्यावर शेणाची पाटी पाहून पांगले. "काकू, आमचे हात धाग्याचे," असं लखन तुला तोंडावर म्हणाला. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. बसमध्ये चढताना तू माझ्या कानाशी म्हणालीस, "ऐकू आलं होतं." ते मला इतके दिवस टोचत राहिलं, गाऱ्यातल्या काडीसारखं.

पाडव्याला ठाकोरभाई साल मुबारक करायला आले. सोबत बायको. मुद्दाम भर दुपारी बोलावलं होतं. मी भाषण तयार ठेवलं होतं. धनश्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. त्यांनी भिंतीला हात लावला. मग पाठ लावली. खुर्ची मागवून पूर्वेच्या पत्र्याजवळ बसले, तिथून उठून पश्चिमेला येऊन बसले. बायको म्हणाली, "आ बाजु ठंडुं छे." ते म्हणाले, "मने खबर छे."  शेवटी निघताना म्हणाले, "पण चोमासुं जोवुं पडे." पावसाळा पाहावा लागेल. पुढच्या पाडव्यापर्यंत जागा पोरांची. तोवर पडली, तर मग बोलायचं नाही. गोडाऊनसाठी ते कडोदऱ्याकडे भाड्यानं जागा बघतायत. कायमचं काही मिळालं नाही, आक्का. एक पावसाळा मिळाला. पण तो काढायचा तर भिंतीला सारवण हवंच.

मग काल भाऊबीज. तुझ्याकडे यायला हवं होतं, आलो नाही. रागावू नकोस, आधी वाच. सकाळी शेण-मातीची पाटी घेऊन मी एकटाच भिंतीपुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला हात मारला आणि निम्मं खाली पडलं. उषाबाई धावत आली, "भाऊ, द्या इकडे, मी करते." म्हटलं, नाही. बाई, तुम्ही फक्त सांगा. तिला हसू आवरेना. तिचं हसू ऐकून लखन बाहेर आला. माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "काका, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "बहिणीला ओवाळणी घालायचीय. पाकीट घेत नाही ती."

तो आत गेला. मला वाटलं, गेला. तो शर्ट काढून आला, आणि त्याच्यामागे आणखी चौघं-पाचजण. प्रत्येकाची बहीण कुठेतरी गावाकडे सारवतेय, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. दुपारपर्यंत भिंत झाली. वेडीवाकडी. बायांनी उंबऱ्यावर बसून चुका काढल्या, "लखन, अरे तो काय साडीचा डिझाईन काढतोयस?" धनश्रीनं आम्हाला ओवाळलं, आणि आम्ही शेणाचे हात पुढे केले.

पुढच्या आखाजीला, पोळ्याला आणि दिवाळीला पुन्हा. लखननं स्वतःहून सांगितलंय. तू विचारलं होतंस, सारवणार कोण. उत्तर वाचनालयात नव्हतं.

आणि ते उकाईचं. बरोबर होतं तुझं. तापी आपली माती इकडे आणू शकली नाही. मिरचीच्या टेम्पोनं आणली.

भिंतीचा फोटो सुकदेवच्या मोबाईलवर पाठवतोय. माझ्या थोबाडभर त्यात गारा आहे.

तुझा
वाल्मिक

*

पिंपळोद
१० नोव्हेंबर

वाल्मिकला आशीर्वाद.

पत्र मिळालं. या वेळी टाळ्यांच्या जागा सोडलेल्या नव्हत्या, म्हणून दोनदा वाचलं.

भाऊबीजेला ताट करून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आला नाहीस म्हणून चिडले होते. सुकदेवला म्हटलं, मामाला पोरांपुढे बहीण कुठली. आता काय बोलू?

फोटो पाहिला. भिंत नीट दिसत नाही, तू मधे उभा आहेस. पुढच्या वेळी भिंतीचा नको, तुमच्या हातांचा पाठव. भेगा पडल्या असतील. रात्री खोबरेल लावून झोपा, लखनलाही सांग. पहिल्या वर्षी जास्त चुरचुरतात.

पावसाळ्यात झड पश्चिमेकडूनच येईल. भिंतीच्या बाहेरून ताडपत्री सोडा, ठाकोरभाईंना आधी न विचारता.

अंगणात ढीग होता तिथे आता नुसता गोल डाग उरलाय. दुपारी त्याच्या शेजारी बाज टाकते.

ओवाळणी पोचली.

आक्का